कोवळ्या भाषेतला सर्व्हर

ऑफिसातले किस्से कोणी ठरवून साठवत नाही. घरात रिकाम्या बरण्या साठतात तसे ते साठतात. टाकायला काढावं तर प्रत्येकीची काहीतरी आठवण निघते आणि बरणी परत फळीवर जाते.

आमच्याकडचे बहुतेक किस्से एका सर्व्हरचे आहेत. इथे परदेशात, सिटीवेस्टला, आमची छोटी कंपनी दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवते. त्याचा सर्व्हर एका अगदी नव्या प्रोग्रामिंग भाषेत लिहायचा, हा मंदारचा हट्ट. मॅनेजर डेक्लनचं सगळं आयुष्य जावा या जुन्या, रुळलेल्या भाषेत गेलेलं. तो म्हणाला, "ईस्टरपर्यंत बघू. नाही जमलं तर सगळं जावात परत लिहायचं."

मंदारला कंपनीत वर्षच झालं होतं. पहिल्यांदाच कोणी त्याच्या शब्दावर चाललं होतं, आणि तो शब्द खोटा पडेल या भीतीने तो जेवतानाही लॅपटॉप उघडा ठेवायचा.

*

ही भाषा भलतीच शंकेखोर. मी पेशंटची माहिती आणायचा कोड लिहिला तर ती पुढे जाऊच देईना. पेशंट सापडला नाही तर काय? डेटाबेसने उत्तरच दिलं नाही तर? सगळ्याचं उत्तर आधी लिहून दे, मगच कोड चालेल.

डेक्लन मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "माझी आई अशीच. ब्रेड आणायला पाठवायची, पण दुकान बंद असलं तर काय करशील, हे दारातच विचारायची."

मी हसले, पण मनातून जरा ओशाळले. आठ वर्षं नोकरी करताना यातलं किती मी 'बघू पुढे' म्हणून सोडून दिलं होतं!

*

एकदा अडलो म्हणून या भाषेच्या फोरमवर प्रश्न टाकला. तासाभराने कुणाचं तरी उत्तर आलं, "सांगतो, आधी मुलीला शाळेत सोडून येतो." आणि खरंच आल्यावर त्याने सगळं नीट समजावलं.

जावात अडलं की हजारो जण आधीच तिथे पडून उठून गेलेले असतात. आपण नुसतं वाचायचं. इथे माणसाला गाठावं लागतं. मला ते आवडायला लागलं होतं. मंदारला मात्र त्याचीच धास्ती वाटायची.

*

त्यात मंदारचे वडील, बापू, म्हसवडहून तीन महिन्यांसाठी आले. रविवारी मी त्याच्याकडे जेवायला गेले होते, तेव्हा बापूंनी विचारलं, "ही तुमची भाषा किती जणं बोलत्यात?"

"बोलत नाहीत बापू, लिहितात. थोडेच आहेत."

"मग आडल्यावर इचारायचं कुणाला?"

मंदारने माझ्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.

*

फेब्रुवारीत अडलंच. सर्व्हर रोज दुपारी मान टाकायचा. शोधता शोधता कळलं की चूक आमच्या कोडमध्ये नाही, डेटाबेसशी जोडून देणाऱ्या तयार कोडमध्ये आहे. तो सगळा मेयो परगण्यात मेंढ्या पाळणाऱ्या मॉरीन नावाच्या एकाच बाईंनी लिहिलेला, आणि फुकट दिलेला. मंदारने दुरुस्ती करून त्यांना पाठवली. पाच आठवडे उत्तर नाही. मग एक ओळ आली. "मेंढ्या विताहेत. ईस्टरनंतर बघते."

"आपली दुरुस्ती आपणच वापरू या," मंदार म्हणाला.

"जिने लिहिलंय तिने बघितल्याशिवाय मी दवाखान्यांना देणार नाही," डेक्लन म्हणाला. तो केरी परगण्यातल्या शेतावर वाढलेला. "मेंढ्या थांबत नाहीत, हे मला मान्य आहे. पण ईस्टरही थांबत नाही."

*

मंदारने मॉरीनला विचारलं, भेटायला येऊ का? उत्तर आलं, "या. गमबूट आणा."

शनिवारी तो बापूंना घेऊन मेयोला गेला. पुढचं त्यानेच सांगितलेलं. गोठ्यात एक मेंढी अडली होती, मॉरीनचे हात कोपरापर्यंत भरलेले, आणि हा लॅपटॉप छातीशी धरून उभा. एसटीच्या डेपोत लागण्याआधी बापूंचं सगळं पोरपण मेंढरांमागे गेलं होतं. त्यांनी स्वेटर काढून मंदारच्या खांद्यावर टाकला. म्हणाले, "तू बाईंस्नी तुजं दाव. ह्ये मी बघतो."

बापूंना इंग्रजी येत नाही. मॉरीनने त्यांचे हात दोन मिनिटं बघितले, मग आपले हात धुतले आणि गवताच्या गठ्ठ्यावर बसून मंदारचा कोड ओळ न् ओळ वाचला. दोन प्रश्न विचारले. दुसऱ्याचं उत्तर मंदारकडे नव्हतं. ते त्याने तिथेच बसून लिहिलं. तोवर संध्याकाळ झाली.

सोमवारी मॉरीनच्या कोडची नवी आवृत्ती आली. आठवडाभर सर्व्हर एकदाही थांबला नाही. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये डेक्लनने त्या आवृत्तीची टिपणं पडद्यावर लावली आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचली.

"आभार: मंदार, एक दुरुस्ती. बापू, चार कोकरं."

त्याने ती पुन्हा एकदा मनात वाचली.

"जावाचं राहू दे," तो म्हणाला. "पण हे बापू कोणत्या टीममध्ये आहेत?"