सुधाकरचे न भाजलेले पाय

देव, भूत, करणी... यातलं काहीही मी मानत नाही. शाळेत विज्ञान शिकवते मी. तरी हे लिहितेय, कारण एका गोष्टीचं उत्तर अजून मिळालेलं नाही. आणि राग तर मुळीच गेलेला नाही.

साल सत्त्याण्णव. आमचं गाव तिसगावच्या पलीकडे. माझा धाकटा भाऊ सुधाकर नगरच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरमध्ये कामाला होता. त्या उन्हाळ्यात यात्रेला आला तो भिंतीला धरून चालतच. एक चप्पल अंगणातच राहिली, याला पत्ता नाही!

"पायाला काय झालं रे?"

"काय न्हाई आक्का. कापसावरून चालल्यागत वाटतंय."

भैरोबाच्या यात्रेत आमच्याकडे नवसकरी निखारे तुडवतात. सगळे धावतच पार होतात. आई याच्यासाठी नवस बोलली आणि मी ओरडत असताना याला निखाऱ्यांवर उतरवलं. सुधाकर धावला नाही. धावता येतच नव्हतं. पायांकडे बघत, मध्येच थांबत, सावकाश गेला... चेहऱ्यावर आठी नाही. अख्खं गाव त्याच्या पायांवर लोटलं.

आई रडत म्हणाली, "देवानं पाय आपल्याकडं घेतलं गं. आता दवाखाना न्हाई."

भांडून, शिव्या खाऊन मी त्याला पुण्याला नेलं, तोवर त्याला उभंही राहवेना. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं — थिएटर रिकामं असलं की हा भूल द्यायचा गॅस स्वतःच ओढायचा. गंमत म्हणून! हसू येतं म्हणून! त्या गॅसने अंगातलं बी-ट्वेल्व्ह निकामी केलं, पाठीच्या कण्यातल्या नसा गेल्या. "लवकर आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. हसण्यापायी पाय घालवलेस, मेल्या! दवाखान्यातच ओरडले मी. आणि देवाचं नाव घेऊन घरच्यांनी उरलेले दिवसही घालवले.

इंजेक्शनांनी काठी टेकत चालण्याइतपत सुधारला, बस.

नसा बधिर, म्हणून दुखलं नाही. हे मी वर्गात पोरांनाही समजावून सांगेन. पण कातडी? तिला कुणी सांगितलं होतं, भाजू नकोस म्हणून? यात्रेतून घरी आल्यावर मीच त्याचे तळवे धुतले होते. फोड नाही, साधा लाल डागही नाही. धावत गेलेल्यांना फोड आले आणि हा मध्ये थांबलेला... डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहून दिली.

अजूनही यात्रेत बायाबापड्या येऊन त्याच्या पाया पडतात. तो ओट्यावर डोळे मिटून बसलेला असतो. कुणी पायाला हात लावला, हे त्याला कळतही नाही.