पलीकडच्या कड्यावरचं उत्तर

आमच्या ट्रस्टची अध्यक्ष आणि मी कॉलेजात एका बाकावर बसायचो. खोऱ्यातले लोक तिला शीळबाई म्हणतात. तोंडावर वहिनी, पाठीमागे शीळबाई. तिला दोन्ही ठाऊक आहे आणि तिला दोन्हीचं काही वाटत नाही.

वरचं खोरं तीस वर्षं बंद आहे. गुरं नाहीत, कुऱ्हाड नाही. तीन वस्त्यांनी मिळून ट्रस्ट काढला तेव्हा अट साधी ठेवली होती: कड्यात घरटी करणारा राखी पक्षी जोवर ओरडतोय तोवर फाटकाला कुलूप, तो गप्प झाला की कुरण मोकळं. त्या धुक्यात पक्षी दिसायची सोय नाही. तो कानांनीच मोजायचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी आठ मंगळवार पूर्वेच्या कड्यावर शीळबाई जायची आणि समोर पश्चिमेच्या कड्यावर तिचा नवरा, सगळ्यांचे भाऊ. दोघांना पाच-पाच थांबे, दगडांवर पांढरे आकडे. थांब्यावर पोचलं की पक्ष्याची शीळ घालायची आणि पाच मिनिटं श्वाससुद्धा जपून घेत उत्तर ऐकायचं. बाईची शीळ तासाच्या ठोक्याला, नवऱ्याची बरोबर दहा मिनिटांनी, म्हणजे एकाचा दुसऱ्याच्या कानात घोटाळा नको. मग दोन वह्या माझ्याकडे यायच्या. मी चिटणीस, बेरीज माझी.

नवरा गेल्या हिवाळ्यात गेला. चहाचा कप खाली ठेवला आणि गेला. पुढे महिन्याभराने ती ट्रस्टच्या खोलीत आली ती त्याचं मनगटी घड्याळ घेऊन. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, हातातल्याकडे बघितलं आणि मटकन खुर्चीत बसली.

"हे दहा मिनिटं पुढे आहे."

"मग? निम्म्या गावाची घड्याळं पुढेच असतात."

"अगं, डोकं चालव जरा! तीन वर्षांपूर्वी त्याची दवाखान्याची बस चुकली, तेव्हा त्याने पुढे लावलं. हेच घालून तो कड्यावर जायचा."

मी डोकं चालवलं. दोघंही एकाच मिनिटाला शीळ घालत होती. तिला आलेलं उत्तर म्हणजे तो, त्याला आलेलं उत्तर म्हणजे ती. तीन वर्षं नवरा-बायको धुक्यातून एकमेकांना मोजत होती आणि मी खाली वळणदार अक्षरात 'पक्षी दहा' असं लिहीत होते.

"नवऱ्याची शीळ ओळखू आली नाही तुला?"

"माणसाची वाटू नये म्हणून तर जन्मभर घासली ना दोघांनी!" मग म्हणाली, "शेवटच्या सुरात थोडी हवा निसटायची. मला वाटायचं, म्हातारा नर असेल."

"कवळी," मी म्हटलं.

"कवळीच," ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो. ते हसू चांगलं नव्हतं.

म्हणजे पक्षी आहे की तीन वर्षांपूर्वीच संपला, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मोजणीनंतर ट्रस्टची बैठक ठरलेली होती, तिथे आकडा सांगायचा होता. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती एकटीने कड्यावर जाऊ लागली. गुराख्यांचा म्होरक्या फाटकाशी भेटला की चिडवायचा, "काय वहिनी, यंदा एकट्याच? मग दुप्पट जोरात वाजवा!"

सात मंगळवार उत्तर आलं नाही. आठव्याला मी सोबत गेले, गुडघे दुखत असूनही. फाटक तिने आमच्यामागे आतून लावलं आणि एकुलती एक किल्ली खिशात टाकली.

इतकी शांतता मी कुठे ऐकलेली नाही. शीळ समोरच्या कड्यावर जायची आणि तिचा प्रतिध्वनीसुद्धा परत यायचा नाही, जणू पलीकडे कोणीतरी ती ठेवून घेत होतं. चार थांबे झाले. पाचव्यावर दहाच्या ठोक्याला तिने शीळ घातली. मी मनातल्या मनात तीस मोजले असतील. आणि समोरून उत्तर आलं. स्वच्छ, लांब. शेवटच्या सुरात हवा निसटली.

मी तिचा दंड पकडला. शीळबाई हललीसुद्धा नाही.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"पुन्हा घालू?"

"नको," मी म्हटलं. आयुष्यभर भुताखेतांची टिंगल करणारी मी, 'नको' म्हटलं. तिने घातली. पुन्हा उत्तर आलं. या वेळी जवळून.

बैठकीत तिने काही लपवलं नाही. घड्याळ, वह्या, तीन वर्षांची चूक, कवळी, आठव्या मंगळवारचं ते उत्तर, सगळं सांगितलं. मग फळ्याजवळ उभी राहून शाळेत शिकवावं तसं समजावलं, "या पक्ष्याची पिल्लं मोठ्यांचं ऐकून शिकतात. मोठे उरले नसतील तर एखादं पिल्लू शिकणार कोणाकडून? दर मंगळवारी कड्यावर शीळ घालणाऱ्या माणसाकडून. म्हणजे निदान एक पक्षी जिवंत आहे. मी पाहिलेला नाही. ऐकलाय. आता कुरण उघडायचं की नाही, तुम्ही ठरवा."

मला तिचं म्हणणं पटलं होतं. अजूनही दिवसा पटतं.

म्होरक्या उठला. टोपी काढून हातात धरली होती. "आमची गुरं तिकडे जाणार नाहीत. यंदा नाही, पुढेही नाही."

"पक्ष्यासाठी?" तिने विचारलं.

त्याने टोपी छातीशी धरली.

"अहो, मी पक्ष्याबद्दल बोलतेय!" तिने टेबलावर हात आपटला. "तीस वर्षं काय कानात बोळे घालून बसला होतात?"

"हो वहिनी," तो म्हणाला. किती मऊपणे म्हणाला! या माणसाने तिला कधी सरळ उत्तर दिलेलं नव्हतं. एकामागून एक सगळ्यांनी हात वर केले. खोरं बंद. मी कागदावर ठराव लिहिला. कारणाच्या रकान्यात तिने 'पक्षी एक' लिहायला लावलं. सह्या करताना कोणी तो रकाना वाचला नाही.

जाताना म्होरक्या दारात घुटमळला. "वहिनी, भाऊंना तिकडे काही लागतं का? फाटकाशी ठेवून जाऊ?"

ती त्याला फाडून खाईल असं मला वाटलं. पण तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरत गेला, आणि मग ती पुढची खुर्ची ओढून बसली.

"नाही," ती म्हणाली. "मी जाते ना मंगळवारी."

मोजणीचे आठ मंगळवार केव्हाच संपले होते.