मागाची खडखड
यंत्रमागाच्या तेलाचा वास आला की भवानी पेठेतली ती दुपार आठवते. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत महिला मंडळ जमलं होतं आणि बायको स्वतः लिहिलेलं पहिल्यांदाच वाचणार होती. "तासभर माग बंद ठेवा की," ती सकाळीच म्हणाली होती. पण माझ्याबद्दल काय लिहिलं असेल, या भीतीनं मी माग सुरू केला. "अगं, मोठ्यानं वाच की, लई खडखड हाय!" एक बाई ओरडली. दारातून मला बायकोचे नुसते ओठ हलताना दिसले. हात बटणापर्यंत गेला. पण आता बंद केला तर मुद्दाम लावल्याचं कळलं असतं. तिनं वही मिटली, ती कायमचीच. 'ऑर्डर घाईची होती,' असं मी तिला शेवटपर्यंत सांगितलं. त्या दिवशी मागावर सूतच नव्हतं.