हाराचे खिळे

औंधात माझं फ्रेमचं दुकान आहे. मोठी तसबीर म्हणजे गेलेल्या माणसाची, हे इतकं अंगवळणी पडलंय की चौकटीला हारासाठी दोन पितळी खिळे मी न विचारताच ठोकतो. या सवयीनंच माझा घात केला.

शेजारच्या राणीची आई लीसाबाई बेल्जियमची. इथल्या संग्रहालयातली चित्रं बघायला आली आणि फौजेतून परतलेल्या दादासोंशी लग्न करून राहिली. आई वारली, मागोमाग दादासोंना अर्धांगवायू झाला. तेव्हापासून राणी घराबाहेर पडते ती औषधापुरती. बाकी वेळ चित्रं. उसावर बर्फ पडतोय, त्यातून यमाईची पालखी चाललीय, मागे आईच्या गावची टोकदार छपरं. उजेड-सावली तिकडच्या तैलचित्रांतली, माणसं मात्र आपल्या जुन्या पोथीतल्यासारखी लांब डोळ्यांची. मला आधी हसू यायचं. मग घरी आल्यावर तीच चित्रं डोळ्यांपुढून हलायची नाहीत.

यंदा मावशीनं तिकडच्या चित्रशाळेत तिला जागा मिळवून दिली. सांगलीचा आतेभाऊ शंभूराज दादासोंना न्यायलाही तयार होता. तरी पोरीनं प्रवेशाचं पत्र उशाखाली दाबून ठेवलं. बापाला ती आबा म्हणते; आबांना सोडून कशी जाऊ, एवढंच म्हणायची. मला तिची कीव यायची आणि रागही.

मग तिनं दादासोंचं चित्र काढलं. खाटेसकट ते बर्फाळ उसावर तरंगताहेत. मी फ्रेम करून नेली आणि लीसाबाईंच्या फोटोशेजारी, दक्षिणेच्या भिंतीवर टांगली. गेलेल्यांचीच ती भिंत, हे टांगून झाल्यावर ध्यानात आलं. वर ते दोन खिळे. राणीचा चेहरा उतरला. मी ओशाळून पक्कड काढली.

दादासो खाटेवरून बघत होते. जड जिभेनं म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. हार बी आण." मग लेकीकडं वळले. "मी गेलोय आसं समज, राणी. आता तरी जा."

राणीनं माझ्या हातातली पक्कड घेतली, स्टुलावर चढली आणि दोन्ही खिळे उपटले. पत्राची मुदत सोमवारी संपली.

त्या दिवसापासून दादासो तिच्या हातचा घास घेत नाहीत. दोन्ही वेळेला भरवायला मी जातो. ती भाकरी दुधात कुस्करून ताट माझ्या हातात देते आणि दारात उभी राहते.