वैशाखातलं मोजमाप

साडेआठ वाजले नव्हते तरी शिरगावच्या वाडीत वैशाखाचं ऊन चरचरायला लागलं होतं. खाऱ्या वाऱ्यानं सदरा अंगाला चिकटत होता. प्रेमलाबाई मोगऱ्याच्या कळ्या खुडत होत्या, आणि रोज या वेळी झाडांच्या पाण्यामागे लागणारे त्यांचे यजमान प्रतापसर आज ओटीवर एका कागदात अडकले होते.

तेहतीस वर्षं कॉलेजात वीज शिकवलेल्या सरांना इंजिनिअरांची संस्था जीवनगौरव देणार होती. मानपत्र त्यांचा जुना विद्यार्थी प्रणव यानंच लिहिलेलं, दुपारी ते छापायला जायचं होतं. त्यात कमिट्या होत्या, व्याख्यानं होती, आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'अर्थिंग भर उन्हाळ्यातच तपासावं, ही शिस्त बोईसर-तारापूरच्या कारखान्यांना सरांनी लावली.'

सरांचा पेन त्या ओळीवरून हलेना.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. प्रयोगशाळेतलं अर्थिंग, म्हणजे मशीनमधून निसटलेली वीज जमिनीत मुरवणारी सोय, त्यांनी श्रावणात मोजलं. ओल्या जमिनीत आकडा झकास आला. सही ठोकून मोकळे झाले. पुढच्या मे महिन्यात त्याच मशीनला हात लागला आणि प्रयोगशाळेतला शिपाई गोमा भिंतीवर जाऊन आदळला. खांदा निखळला.

दवाखान्यात सर त्याच्या उशाशी बसले. "मी मोजलं होतं रे, गोमा."

गोमा मनोरकडच्या पाड्यावरचा. कण्हत म्हणाला, "सर, पावसात कोनाची बी हीर भरलेलीच दिसते. पानी हाय का नाय, ते वैशाखात बगाचं."

मग पुढे कितीतरी उन्हाळे, दर रविवारी दोघं बोईसरच्या कारखान्यांत अर्थिंग तपासायला. सर आकडा वाचायचे, गोमा अर्थिंगच्या खड्ड्यात ओल टिकावी म्हणून मीठ-कोळसा भरून वर पाणी ओतायचा. "गर्मी आयी, मास्टरजी आये," गेटवरचे कामगार हसायचे. दुपारी लिंबाखाली गोमा ताडगोळे सोलायचा, पहिला सरांच्या हातावर.

सरांनी फोन लावला. "प्रणव, ती शिस्त माझी नव्हे, गोमाची. माझी होती ती चूक. तसं लिही."

"सर, मानपत्रात स्वतःची चूक कोण छापतं?"

"मग मानपत्रच नको."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "दोन ओळी वाढतात, सर. कमिट्या कापाव्या लागतील."

"काप सगळ्या. आणि व्यासपीठावर खुर्च्या दोन मांड."

प्रेमलाबाई परडी घेऊन ओटीवर आल्या. "घरातली एखादी बी चूक कबूल करायला तुमाला चाळीस वर्सं पुरली नाय. नि ही छापून वाटताय."

"घरातल्या अजून तपासून व्हायच्या आहेत."

"बरं. गोमाला आनायला गाडी पाठवा. येश्टीनं नको, खांदा दुखतो त्याचा. नि आधी उठा, पंपाजवळचा खड्डा दोन दिस कोरडा पडलाय."

सर उठले. कागद खुर्चीवर ठेवून त्यावर चष्मा ठेवला, विहिरीवर बादली भरली आणि अर्थिंगच्या खड्ड्यात हळूहळू पाणी ओतू लागले. जमिनीनं ते बघता बघता पिऊन टाकलं. ते दुसरी बादली भरायला वळले.