डबा कंपनीचा, घर आमचं

पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत इंटरनेटवाल्याला सगळे भाऊ म्हणतात. आधी तो टीव्हीच्या केबलचं काम करायचा, गच्चीवरून गच्चीवर वायरी टाकत फिरायचा. नंतर त्यानं एका फायबर कंपनीची एजन्सी घेतली आणि त्याच घरांत फायबर नेऊन दिलं. माणूस वाईट नाही. लॉकडाऊनमध्ये माझ्या वडलांच्या, अण्णांच्या, गोळ्या त्यानं दोनदा घरपोच आणून दिल्या होत्या. म्हणूनच त्या दिवशी भाजीच्या गाड्यापाशी तो जे बोलला, ते आधी माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

मी मेथीची जुडी बघत होते. तो शेजारी टोमॅटो निवडत होता. सहज म्हणाला, "ताई, धाकटी बहीण आली वाटतं. भाचीचा फोन कालपासून तुमच्या वायफायवर दिसतोय."

मी हसून हो म्हणाले, पैसे दिले आणि निघाले. अर्ध्या रस्त्यात आल्यावर पाय थांबले. बहीण आल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिला अजिंठ्याकडच्या एका गावात दिलेली आहे. सासरी बरेच दिवस बिनसलं होतं. दोन दिवस डोकं शांत ठेवून विचार करता यावा म्हणून मुलीला घेऊन ती आमच्याकडे आली होती, तिकडं मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून. आल्यापासून दोघींनी उंबरा ओलांडला नव्हता. आणि गाड्यावरचा माणूस मला सांगत होता की माझ्या घरात कोण आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा दीर आमच्या दारात उभा राहिला.

तो भाऊमुळंच आला असं मी म्हणत नाही. भाऊची बायकोही अजिंठ्याकडचीच, एवढं मला माहीत आहे. बोलता बोलता एकानं दुसऱ्याला सांगितलं असेल, किंवा तो दुसरीकडूनच माग काढत आला असेल. मला आजही ठाऊक नाही. पण बहिणीनं त्याला बघितलं आणि पिशवी भरायला घेतली. मी तिचा हात धरला तर म्हणाली, "राहू दे ताई, आता कळलंच आहे सगळ्यांना." मी टाकलेला चहा तसाच राहिला. रिक्षा वळेपर्यंत भाची मागं बघत होती.

त्याच संध्याकाळी मी भाऊच्या दुकानात गेले. तुम्हाला कसं कळलं, असं सरळ विचारलं. त्यानं काही लपवलं नाही, उलट कौतुकानं स्वतःचा मोबाईल पुढं केला. त्यावर गल्लीतल्या घरांची यादी होती. आमच्या नावावर बोट ठेवलं की घरात काय काय जोडलेलं आहे ते खाली उलगडायचं. टीव्ही, अण्णांचा फोन, माझा फोन, कॉलेजचा लॅपटॉप. भाचीनं आपल्या फोनला स्वतःचंच नाव देऊन ठेवलं होतं, आडनावासकट. ते अजून यादीत होतं, समोर "बंद" असं दाखवत.

"हे सर्व्हिससाठी असतं ताई," तो म्हणाला. "कुणाचं नेट चालत नसलं की इथूनच बघून घेतो."

हे मला बंद करता येईल का, असं मी विचारलं. तर म्हणाला, वायफायच्या डब्याचा पासवर्ड कंपनीकडं असतो, गिऱ्हाइकाला देत नाहीत.

मी एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बावीस वर्षं प्राध्यापकांच्या आधी येऊन उपकरणं मांडायची आणि ते गेल्यावर आवरायची, हे माझं काम. इंटरनेटमधलं मला त्या दिवशी फारसं काही कळत नव्हतं. पण वस्तूसोबत आलेलं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचायची सवय आहे, आणि जोडणी चुकली तर परत सगळी सोडून पहिल्यापासून करायचा मला कंटाळा येत नाही.

त्या रविवारी पैठण गेटजवळच्या एका दुकानातून स्वतःचा राउटर आणला. दुकानदार म्हणाला, "बाजी, कंपनी के डब्बे के पीछे लगा दो, चल जाता." लावला, आणि चालला. घरातली सगळी उपकरणं मी माझ्या राउटरवर घेतली. कंपनीच्या डब्याला आता मागं एकच वस्तू दिसणार होती. मला वाटलं, संपला विषय.

आठवडा झाला असेल. भाऊ गल्लीच्या तोंडाशी भेटला आणि हसत म्हणाला, "काय ताई, घरातले सगळे फोन विकून टाकले का? एकच काहीतरी दिसतंय."

तो गमतीनंच बोलला. पण म्हणजे तो अजून बघत होता. डब्याचं स्वतःचं वायफायही चालूच होतं आणि मला ते बंद करता येत नव्हतं. अण्णांचा फोन मधेच त्याच्यावर उडी मारायचा. एकामागं एक दोन राउटर लागल्यामुळं कॉलेजच्या मीटिंगही अधूनमधून तुटायला लागल्या. तेव्हा मी ठरवलं की हा डबाच घरात नको.

वाचून वाचून एवढं समजलं की डबा दोन कामं करतो. फायबरमधून येणाऱ्या उजेडाचं विजेच्या संदेशात रूपांतर करणं हे एक, आणि तो घरभर वाटणं हे दुसरं. पहिल्या कामासाठी कंपनीचं एक छोटं यंत्र लागतं, त्याला माझी हरकत नव्हती. दुसरं काम माझा राउटर करणार होता. त्यासाठी कंपनीकडून तीन गोष्टी हव्या होत्या : आमच्या कनेक्शनचं युजरनेम, त्याचा पासवर्ड आणि त्यांच्या लाइनचा एक ठराविक क्रमांक.

भाऊ म्हणाला, कंपनी चालू देत नाही. मी म्हणाले, तसं लिहून द्या. तो म्हणाला, लिहून कशाला, मी सांगतोय ना. हेल्पलाइनवरच्या मुलीनं मला राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. मी कनेक्शन घेताना सही केलेला फॉर्म शोधून काढला आणि त्यातली बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. ग्राहकानं स्वतःचा राउटर लावू नये असं त्यात कुठंही नव्हतं. लावला तर त्याची देखभाल ग्राहकानं करावी, असं मात्र होतं. मी त्या ओळीचा फोटो काढून तक्रारीला जोडला.

तक्रार दोन दिवसांत "निवारण झाले" म्हणून बंद झाली. मी पुन्हा उघडली. पुन्हा बंद झाली. मग मी रोज कॉलेजला निघायच्या आधी, जेवणाचा डबा भरून झाला की, तक्रार उघडायला लागले. शेजारच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "एवढं काय लपवायचंय तुमच्या घरात?" मी म्हणाले, "काही नाही. तरी न्हाणीला कडी लावतेच ना मी." त्यांना ते आवडलं नाही.

चौथ्या आठवड्यात भाऊ घरी आला. मी समोर असताना तो माझ्याशी बोललाच नाही, अण्णांच्या शेजारी जाऊन बसला. अण्णा वीज मंडळात लाइनमन होते. आता ऐकायला कमी येतं, गुडघे गेलेत, पण माणूस ताठ आहे. भाऊ त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला की काका, ताईला समजवा, वरून मला विचारणा होतेय, गल्लीत दुसऱ्या कुणाची तक्रार नाही. बाईमाणसानं या टेक्निकल भानगडीत पडू नये, असंही काहीतरी म्हणाला.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुला हिच्या घरात कोण आलं, कोण गेलं, ते दिसतं का रं?"

"तसं नाय काका, फक्त फोन दिसतात."

"मी एकतीस वर्षं खांबावर चढलो," अण्णा म्हणाले. "मीटरपर्यंतचं आमचं. मीटरच्या पुढचं घरवाल्याचं. कुणाच्या घरात किती दिवे लागले ते मी मोजलं नाय कधी. लई घरं होती माझ्याकडं. तिला काय पायजे ते दे."

भाऊ उठला. दारात चपला घालताना पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "ठीक आहे. पण मग नेट गेलं तर मला फोन करायचा नाही."

"नाही करणार," मी म्हणाले.

तो गेल्यावर मला जरा भीती वाटली, हे कबूल करते. दुसऱ्या कुठल्या कंपनीची लाइन आमच्या गल्लीत नव्हती. त्यानं मनात आणलं असतं तर महिना महिना आम्हाला बसवून ठेवलं असतं. अण्णांचं संध्याकाळचं कीर्तन आणि माझं कॉलेजचं काम, दोन्ही त्या एका वायरीवर होतं. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी मी तक्रार उघडलीच.

आणखी दहा-बारा दिवसांनी कंपनीच्या मुख्य ऑफिसातून एक इंजिनिअर आला. पन्नाशीचा, दमलेला माणूस. त्यानं जुना डबा काढून बाजूला ठेवला, बिनअँटेनाचं छोटं यंत्र भिंतीवर लावलं, आणि एका कागदावर मला हवी होती ती माहिती लिहून दिली. अशी मागणी फार कमी लोक करतात, असं म्हणाला. मला हर्सूलला दुसरी तक्रार आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा, असं सांगून निघूनही गेला. नेट काही चालू झालं नव्हतं.

तो शनिवार होता. रविवारी सकाळी आंघोळ करून, अण्णांना पोहे देऊन मी स्टूल घेऊन बसले. राउटरच्या पानावर युजरनेम टाकलं, पासवर्ड टाकला, क्रमांक टाकला. लाल दिवा. क्रमांकाची जागा चुकली असेल म्हणून दुसऱ्या रकान्यात टाकला. लाल. पासवर्डमधलं शून्य होतं की इंग्रजी ओ, म्हणून दोन्ही करून बघितलं. शून्य घातल्यावर राउटरनं पासवर्ड चुकला म्हणायचं थांबवलं, पण दिवा लालच. अण्णा दर अर्ध्या तासानं विचारायचे, "आलं का?" मी मान हलवायचे. एकदा त्यांनी उठून वायर नीट बसलीय का ते बोटानं दाबून बघितलं. जुनी सवय.

हेल्पलाइनला लावला असता तर परत बंद करून चालू करा म्हणाले असते. भाऊला लावणार नव्हते. दुपारचे दोन वाजले, भाकरी थापायची राहिली. मग मोबाईलवर वाचताना एक गोष्ट सापडली. काही कंपन्या कनेक्शनसोबत जुन्या डब्याचा ओळख क्रमांकही नोंदवून ठेवतात. दुसरं यंत्र आलं की त्यांची बाजू दारच उघडत नाही. जुना डबा अजून कोपऱ्यात पडलेला होता. मी तो उलटा केला, खालच्या चिठ्ठीवरची बारा अक्षरं-आकडे एकेक करून मोठ्यानं वाचली, इंजिनिअरच्या कागदावर उतरवली आणि माझ्या राउटरमध्ये टाकली. चष्मा काढून पुन्हा ताडून बघितली.

दिवा थोडा वेळ लुकलुकला आणि हिरवा झाला.

मी उठले नाही. का कोण जाणे, मला बहिणीची आठवण आली. पिशवी भरतानाचे तिचे हात डोळ्यांपुढं आले. अण्णांनी टीव्हीकडे बोट केलं. मी टीव्ही लावून दिला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "व्हय, आता बरं झालं."

जुना डबा न्यायला भाऊ आठवड्यानं आला. मी पावती मागितली. तो चिडला, पण त्यानं लिहून दिली, तारीख घालून, सही करून. पुढं बरेच दिवस रस्त्यात दिसला तरी बोलत नसे. आता बोलतो. परवा त्यानं अण्णांच्या गुडघ्यांची चौकशी केली. माझ्या राउटरचा विषय तो काढत नाही आणि मीही काढत नाही. कंपनीला अजूनही आमचं काही ना काही दिसतच असणार, ते मला माहीत आहे. रस्ता त्यांचा आहे. पण माझ्या घरात आत्ता कोण बसलंय, ते यादी उघडून कुणी सांगू शकत नाही.

बहीण पुढच्या उन्हाळ्यात आली, या वेळी कुणाला खोटं न सांगता. भाचीला इथल्या कॉलेजात घालायचं, असं तिनं सासरी तोंडावर सांगितलं होतं. दीर एकदा आला, ओसरीत बसला, बराच वेळ बोलला. बहिणीनं त्याला चहा दिला आणि आपण आत जाऊन भाचीच्या वह्यांना कव्हरं घालत बसली. तो गेला. दोघी आता आमच्याकडेच राहतात.

मागच्या महिन्यात वळवाचा मोठा कडकडाट झाला, दोनदा वीज गेली-आली आणि राउटरमधलं सगळं पुसलं गेलं. नेट बंद. लाइनच तुटली असेल तर उगाच डोकं फोडण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी कंपनीला फोन केला. पलीकडच्या माणसानं माझी नोंद बघितली आणि जरा थंडपणे म्हणाला, "मॅडम, तुमचा स्वतःचा राउटर आहे. त्याची जबाबदारी आमच्यावर येत नाही."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "ती माझीच आहे. तुमची लाइन चालू आहे का, एवढंच सांगा."

लाइन चालू आहे, तो म्हणाला. मी फोन ठेवला, इंजिनिअरचा तो कागद काढला आणि स्टूल पुढं ओढलं.