धूप जाळणाऱ्यांचं काय झालं?

मी मुंबईला जाऊन लॅटिन शिकलो याच्यामागं काही थोर कारण नव्हतं. कॉलेजात त्या वर्गाला पोरं मिळत नव्हती, आणि शिकवणारे म्हातारे पाद्री येईल त्याला पोटभर जेवू घालत. एम.ए. झालो तेव्हा त्यांनीच मला प्रबंधाला बसवलं. विषय होता पहिल्या काही शतकांतले ख्रिस्ती आचार्य आणि त्यांचा एक जुना वाद. महाड-पोलादपूरच्या मधल्या खोऱ्यातल्या एका कुणब्याच्या पोरानं हे कशाला करावं, असं मला गावात जो तो विचारी. मलाही नीटसं सांगता येत नसे, मग मी चिडायचो.

आई मात्र वेगळं विचारी. मी सुटीत गावी आलो की ती भाकऱ्या थापता थापता म्हणे, "काय लिवलंस ता सांग की मला." एकदा सांगितलं. म्हटलं, फार जुन्या काळी एका बादशहानं हुकूम काढला की सगळ्यांनी आमच्या देवापुढं धूप जाळायचा, न जाळील त्याला तुरुंग, नाहीतर मरण. ख्रिस्ती लोकांतले काही मेले, पण पुष्कळ भ्याले आणि जाऊन धूप जाळून आले. पुढं छळ थांबला. मग हे भ्यालेले लोक रडत परत आले, म्हणाले, आम्हाला आत घ्या. तिथं घोडं अडलं. कोणी म्हणे, यांना कधीच घ्यायचं नाही, देव काय तो बघून घेईल. कोणी म्हणे, प्रायश्चित्त घेऊ दे, मग बघू. आणि हा निवाडा करणारे बिशप, ते स्वतःसुद्धा छळाच्या वेळी लपून बसलेले.

आई हसली. "म्हंजे भ्यालेलं सगलेच!" मग हातातली भाकरी तव्यावर टाकून तिनं विचारलं, "मग घेतला का रं त्यांना परत?"

"तेच तर लिहायचंय अजून," मी म्हणालो.

"मग लिव की लवकर."

तिला घाई का, ते मला कळत होतं. तिचा भाऊ, माझा मामा, नदीपलीकडच्या वाडीत राहायचा. काही वर्षांपूर्वी त्याचे डोळे जायला लागले. सगळे उपाय झाले, अंगारे-धुपारे झाले, शेवटी कोणीतरी त्याला घाटावरच्या एका मिशनच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. तिथं तो बरेच महिने राहिला. त्यांनी एक डोळा वाचवला, जीव लावला, आणि याला वाटलं, हा डोळा त्यांच्या देवानंच दिला. त्यानं त्यांचं पाणी डोक्यावर घेतलं, ख्रिस्ती झाला. मग बरा होऊन घरी आला, आणि बिचाऱ्याला गावाशिवाय करमेना. देवळाच्या पायरीवर डोकं ठेवून म्हणाला, चुकलो, पदरात घ्या. वाडीनं त्याला वाळीत टाकलं. त्याच्याशी बोलेल तोही वाळीत, असं ठरलं, आणि ते आमच्या गावानंही मानलं.

आई त्या दिवसापासून माहेरी गेली नाही. नदीवर धुणं धुताना मामा पलीकडून गुरं घेऊन जाताना दिसे. ती मान वर करी, बघे, आणि परत धुवायला लागे. हाक मारायची चोरी. दर सुटीत मला मात्र एकच प्रश्न. "त्या धूपवाल्यांचं काय झालं रं?" जणू ते लोक आमच्या पलीकडच्याच वाडीत राहत होते. मी सांगायचो, अजून वाचतोय. खरंच वाचत होतो. ग्रीक कच्चं होतं, ग्रंथ मिळत नव्हते, आणि पाद्री बाबा एकेका वाक्यावर आठवडा काढायचे.

चैत्रात तार आली. मी पोचलो तेव्हा आईला अंगणात ठेवलेलं होतं. आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात, त्याशिवाय तिला उचलत नाहीत. मामा हिरवं लुगडं घेऊन गावाच्या शिवेवर उभा होता. ते आणायला कोणी जाईना. मी निघालो तर थोरल्या काकांनी माझं मनगट धरलं. काका म्हणजे आमच्या भावकीचं शेवटचं तोंड, ते बोलले की सगळे गप्प.

"तू जाशील रं मुंबईला निगून," काका म्हणाले. "हितं तुज्या भावाच्या पोरींची लग्नं व्हायची हायत."

दादा माझ्याकडं बघेना. वहिनीनं घरातलंच एक नवं लुगडं आणून आईवर घातलं, आणि आईला नेलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण करतो काय?

आईचं सगळं धाकट्यानं करायचं, म्हणून दहाव्याला सावित्रीच्या काठी कातळावर पिंड मीच ठेवला. आणि कावळा शिवेना. समोरच्या करंजावर चांगले चार-पाच बसलेले, खाली बघत होते, पण एक उतरेल तर शपथ! ऊन चढलं. भात वाळायला लागला. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलेलं असतं. ते कशात ते ओळखून मोठ्यानं वचन द्यायचं, म्हणजे कावळा येतो. म्हणून सगळे ओळखायला लागले. दादा म्हणाला, पोरींची लग्नं करीन. मग म्हणाला, तुझी गाय विकणार नाही. कावळे बसूनच.

मग सगळ्यांच्या नजरा माझ्यावर वळल्या.

"ह्येच्या त्या किरिस्तावांच्या पोथ्या," काका म्हणाले. "त्यातच अडकलाय तिचा जीव. सोडतो म्हण."

मी ओल्या धोतरानं उभा होतो. देहान्तानंतर आत्म्याचं काय होतं यावर त्या आचार्यांची निदान चार मतं मला ठाऊक होती. त्यातलं एकही तिथं उपयोगाचं नव्हतं. मी हात जोडले. म्हणालो, "आये, सोडतो मी ती पोथी." खरंच म्हणालो. त्या क्षणी कोणी मुंबई सोड म्हटलं असतं तरी सोडली असती.

कावळा हलला नाही.

तेव्हा मी पलीकडच्या काठाकडं पाहिलं. मामा सकाळपासून तिथं उन्हात बसला होता, काखेत तेच लुगड्याचं गाठोडं. इतक्या लांबचं त्याला दिसत नव्हतं, नुसती माणसं आहेत एवढं कळत असणार. मी म्हणालो, "काका, आईचं मन कशात आहे हे तुम्हाला माहीत आहे. आपण त्याला परत घेऊ म्हणा. नुसतं म्हणा."

 मी एकटा म्हणून भागणार नव्हतं, कारण परत घेणं माझ्या हातात नव्हतं. ते भावकीनं म्हणायचं होतं. मग मला राहवलं नाही, आणि मी वेड्यासारखा बोलत सुटलो. म्हटलं, अहो, ते लोकसुद्धा असेच अडून बसले होते. वर्षानुवर्षं भांडले. पण शेवटी त्यांनी ठरवलं की जो मरायला टेकलाय त्याला तरी नाही म्हणायचं नाही. इथं तर माणूस मरून गेलं! आता कोणाची वाट बघताय?

मी हे बोललो आणि माझं मलाच कळलं की आईच्या प्रश्नाचं उत्तर मला आधीच माहीत होतं. पूर्ण नसेल, पण एवढं तर माहीत होतं. तिला ते सांगायचं राहून गेलं.

काकांनी नदीकडं तोंड फिरवलं. ते काही दुष्ट नव्हते. त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. "एकाला घेतला की सगला गाव उलटंल," ते हळू म्हणाले. मग क्रियाकर्म करणाऱ्या किरवंताकडं वळले. "भटजीनू, दर्भाचा करा."

कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. मग झालं असं धरतात. भटजींनी दोन काड्या वळवल्या, पिंडाला टेकवल्या, आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला. माणसं अंघोळीला पाण्यात उतरली. कावळे अजून करंजावरच होते.

सगळे घराकडं गेल्यावर मी मागं राहिलो, आणि उतारावरनं घोटाभर पाण्यातून पलीकडं गेलो. बघायला कोणीच नव्हतं, मग वाळीत कोण टाकणार होतं? मामानं पावलांचा आवाज ऐकून मान वर केली. ओठ सुकून गेले होते त्याचे.

"कोन, बाला? शिवला का रं कावला?"

त्याचा एकच डोळा, तोही धुरकट, माझ्या तोंडावर लागलेला. मला नाही म्हणवेना.

"शिवला, मामा."

"लगीच शिवला?"

"लगेच."

त्यानं नदीकडं हात जोडले. गाठोडं मांडीवर घेऊन त्यावरून एकदा हात फिरवला. "मंग बरा झाला," तो म्हणाला. "मला वाटला, माज्यात अडकल तिचा मन. नाय अडकला. ईसरली व्हती मला."

मी त्याच्या शेजारी बसून राहिलो. आता त्याला खरं कसं सांगू, तेच मला कळेना.